बिझनेस क्लासमधलं जेवण: पैसे नेमके कशाचे जातात आणि आईवडिलांच्या ताटात नीट काहीतरी पडावं म्हणून काय करायचं

आपल्याकडं संभाजीनगर असू दे, लातूर, नांदेड, परभणी, जालना असू दे, आता जवळपास प्रत्येक कॉलनीत एखाद्या घरचं लेकरू अमेरिकेत, जर्मनीत नाहीतर दुबईत असतंच, आणि ही लेकरं आईवडिलांना बोलवून घेताना बिझनेस क्लासचं किंवा प्रीमियम इकॉनॉमीचं (म्हणजे इकॉनॉमी आणि बिझनेसच्या मधल्या क्लासचं) तिकीट काढायलीत, कारण गुडघे दुखतात, पाय सुजतात, पंधरा-सोळा तास एका जागी बसवत नाही. चांगलंच आहे. पण तिकीट झालं, व्हिसा झाला, बॅगा भरून झाल्या की जेवणाचं कुणीच बघत नाही, एवढे लाख भरलेत म्हणल्यावर जेवण एक नंबरच असणार असं धरून चालतात, आणि मग अंडं न खाणारी माळकरी आई रात्रभर ब्रेड आणि फळाच्या चार फोडींवर काढते आणि कुणाला बोलत पण नाही. मला ह्याचं लई वाईट वाटतं, कारण हे सगळं प्रवासाच्या आधी घरी बसून फुकटात नीट करता येतं. म्हणून सविस्तर लिहायलोय, विशेष करून ज्यांचे आईवडील पहिल्यांदाच एकटे जायलेत त्यांच्यासाठी.

आधी पैशाचं बघू. बिझनेस क्लासच्या तिकिटात जेवणाचा वाटा एकदम छोटा असतो, तुम्ही पैसे मोजता ते जागेचे. आडवं होऊन झोपता येईल अशी एक सीट इकॉनॉमीच्या दोन-तीन सीटची जागा घेते, त्या जागेचं भाडं तुम्ही भरता, वरून लाउंज (विमानतळावरची बसायची-खायची वेगळी जागा), जास्तीची बॅग, लवकर चेक-इन हे सगळं. समजा इकॉनॉमी ६०,००० ला आहे आणि बिझनेस २,१०,००० ला, म्हणजे फरक दीड लाखाचा. आता विमानात दोन जेवणं आणि मधे काहीतरी खायला मिळणार, ते मोठ्या हॉटेलच्या भावाने माणशी ३,००० ला एक जेवण धरलं तरी ६,००० च्या वर जात नाही. बाकीचे एक लाख चव्वेचाळीस हजार झोपेचे आणि जागेचे झाले. वरून जीएसटी बघा, २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीला ५ टक्केच राहिला पण बिझनेस, प्रीमियम इकॉनॉमी अशा वरच्या क्लासला १२ चा १८ टक्के झाला, म्हणजे वरच्या उदाहरणात भाडं तेवढंच धरलं तर एकीकडं टॅक्स ३,००० आणि दुसरीकडं ३७,८००. ह्या टॅक्सच्या फरकात अख्ख्या घराचं चांगल्या हॉटेलात दोनदा जेवण होईल. तर जेवणासाठी म्हणून वरच्या क्लासचं तिकीट काढायचं नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. झोपेसाठी, पाठीसाठी, वयासाठी काढायचं, आणि काढलंच आहे तर मग जेवण पण नीट मिळवायचं.

देशातल्या देशात तर ह्या भानगडीत पडूच नका. संभाजीनगरहून मुंबई म्हणजे तासाभराची फ्लाइट, त्यात वर चढणं आणि खाली उतरणं सोडलं तर खायला अर्धा तास पण मिळत नाही. इंडिगोची छोटी एटीआर विमानं असली तर बिझनेस क्लासच नसतो. नांदेडहून उडणाऱ्या स्टार एअरच्या एम्ब्राएर १७५ मधे १२ बिझनेस सीट असतात, पाय मोकळे राहतात हा फायदा खरा, पण जेवणाचा हिशेब तिथं लावू नका. इंडिगोने २०२४ च्या शेवटी दिल्ली-मुंबईवर स्ट्रेच नावाने बिझनेस सुरू केला, त्यात ओबेरॉयच्या किचनमधून आलेला व्हेज बॉक्स देतात, आपल्या शाकाहारी लोकांना ते बरं आहे, बस. आणि देशातल्या फ्लाइटमधे दारू कुठल्याच क्लासला मिळत नाही, ते पण लक्षात घ्या.

आता विमानातलं अन्न असं का लागतं ते समजलं की काय मागायचं ते आपोआप कळतं. विमानात स्वयंपाक होत नाही. जेवण खाली जमिनीवरच्या मोठ्या किचनमधे बनतं, आपल्याकडं ताजसॅट्स, ओबेरॉय, ॲम्बेसेडर अशी मोठी नावं आहेत, तिथं शिजवून झाल्या झाल्या ते झटक्यात थंड करतात, पाच डिग्रीच्या आसपास ठेवतात आणि विमानात नुसतं ओव्हनमधे गरम करतात. इकॉनॉमी आणि बिझनेस दोन्हीचं जेवण बऱ्याचदा एकाच किचनमधून निघतं, फरक पडतो तो मालात, कोर्स किती त्यात, आणि वाढणारा माणूस तुमच्यासाठी किती वेळ देऊ शकतो त्यात. फॉइलच्या डब्याऐवजी चिनीमातीची प्लेट आली म्हणून भाजी बदलत नाही. आता घरचंच बघा, आदल्या रात्रीचं वरण सकाळी मुरून जास्त चांगलं लागतं पण आदल्या रात्रीची भाकरी चावत नाही, विमानात अगदी हेच होतं. म्हणून रस्सा असलेलं मागायचं. दाळ, राजमा, छोले, ग्रेव्हीची भाजी, भात, बिर्याणी, खिचडी, उपमा, इडली-सांबार, हे सगळं परत गरम केल्यावर टिकतं. नान, पराठा, चपाती चिवट होतात, डोसा लोळागोळा होतो, तळलेलं मऊ पडतं, ऑम्लेट रबरासारखं होतं, कोरडं पनीर पण तसंच. नॉनव्हेज खाणाऱ्यांनी मटणाचा रस्सा किंवा चिकन करी घ्यावी, ग्रिल्ड चिकन ब्रेस्ट आणि मासा शक्यतो टाळावा.

चवीचं दुसरं कारण हवा आणि आवाज. केबिनमधला दाब हा सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवलेला असतो, हवा एकदम कोरडी, ओलावा वीस टक्क्यांच्या खाली, त्यामुळं नाक सुकतं आणि निम्मी चव तर नाकावर असते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर इन्स्टिट्यूटने लुफ्थान्सासाठी हे जमिनीवरच विमानाच्या सांगाड्यात दाब कमी करून तपासलं होतं, त्यात मिठाची चव साधारण २० ते ३० टक्के आणि साखरेची १५ ते २० टक्के कमी लागते असं निघालं. २०१५ मधे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात इंजिनाएवढ्या आवाजात चव तपासली तर गोड कमी लागतं पण टोमॅटो, मशरूम, चीज ह्यांच्यात असते ती चव, जिला उमामी म्हणतात, ती उलट जास्त जाणवते असं आढळलं. ह्याचा आपल्याला फायदा असा की भारतीय मसालेदार जेवण वर टिकून राहतं आणि साधं उकडलेलं कॉन्टिनेंटल एकदम फिकं पडतं. मेन्यूवर फ्रेंच नावाचं काहीतरी भारी दिसलं तरी आईवडिलांना सांगा की टोमॅटोची ग्रेव्हीवाली भाजी आणि भात घ्या. चहाचं पण तसंच, वर पाणी ९२ ते ९४ डिग्रीलाच उकळतं, चहा उतरत नाही, म्हणून दोन टी-बॅग मागायच्या, दूध आणि साखर वेगळी मागायची आणि पाच मिनिटं तसाच ठेवायचा. आपल्या लोकांचा अर्धा जीव चहात असतो म्हणून सांगतोय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, स्पेशल मील. जगभरच्या एअरलाइनमधे ह्याचे चार अक्षरी कोड ठरलेले आहेत आणि ते बुकिंगमधे आधी टाकावे लागतात, कमीत कमी २४ तास आधी, काही कंपन्या काही प्रकारांसाठी ४८ तास सांगतात, मी तर म्हणेन तिकीट काढलं त्याच दिवशी टाका. आपल्या कामाचे कोड असे. एव्हीएमएल म्हणजे भारतीय पद्धतीचं मसालेदार शाकाहारी, दूध-दही चालतं, मांस-मासा नाही, अंडं पण साधारण नसतं, आपल्या नव्वद टक्के शाकाहारी घरांना हेच पाहिजे असतं. व्हीजेएमएल म्हणजे जैन, कांदा, लसूण, बटाटा, कुठलंच कंदमूळ नाही, म्हणजे जे माळकरी कांदा-लसूण खात नाहीत त्यांच्यासाठी पण हाच कोड सगळ्यात जवळचा. व्हीएलएमएल दिसायला शाकाहारीच वाटतो पण त्यात अंडं आणि दूध दोन्ही चालतं, आणि तो परदेशी पद्धतीचा असतो, लोक वेबसाइटवर व्हेजिटेरियन हा शब्द बघून हाच टिक करतात आणि सकाळी नाश्त्याला ऑम्लेट समोर येतं. व्हीजीएमएल हा व्हीगन, त्यात दूध-तूप पण नाही. एचएनएमएल हिंदू नॉनव्हेज, बीफ नसतं. एमओएमएल मुस्लिम जेवण, पण एमिरेट्स, कतार, एतिहाद, सौदिया ह्यांचं सगळं जेवण हलालच असतं, त्यामुळं उमऱ्याला जाणाऱ्यांनी ह्या कंपन्यांत वेगळा कोड टाकायची गरज नाही.

शुगरवाल्यांनी इथं नीट वाचा. डीबीएमएल हा डायबेटिक मीलचा कोड आहे पण तो शाकाहारी असेलच असं नाही, त्यात उकडलेलं चिकन किंवा मासा येऊ शकतो, आणि एका प्रवाशाला साधारण एकच कोड लागतो, दोन मिळून लागत नाहीत. म्हणून शाकाहारी आणि शुगर असलेल्या माणसाने एव्हीएमएल घ्यावा, गोडाची वाटी बाजूला ठेवावी, भात अर्धा खावा आणि बरोबर स्वतःचं काहीतरी ठेवावं. इन्सुलिन, गोळ्या आणि थोडा खाऊ हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत अजिबात नाही, कारण जेवण कधी येईल ते आपल्या हातात नसतं आणि विमान दोन तास धावपट्टीवर उभं राहिलं तर कुणी जेवण वाढत नाही. इन्सुलिन असेल तर डॉक्टरची चिठ्ठी पण सोबत द्या, आणि दोन टाइम झोनमधून जाताना डोस कधी घ्यायचा हे तुमच्या डॉक्टरलाच विचारून ठेवा.

एकादशीचं काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडं येतोच. उपवासाचा असा वेगळा कोड नाही, साबुदाण्याची खिचडी कुणी देणार नाही. जमलं तर तिकीट काढतानाच कॅलेंडर बघा आणि एकादशी, चतुर्थी चुकवा. नाहीच जमलं तर एफपीएमएल टाका, त्यात फक्त फळं येतात, आणि बरोबर राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, वेफर्स द्या. फक्त एवढं लक्षात ठेवा की हा कोड टाकला की त्या फ्लाइटच्या दोन्ही जेवणांना फळंच येणार, मधल्या वेळेत तिथी बदलली तरी.

बिझनेस क्लासमधे स्पेशल मीलची एक गोम आहे. कोड टाकला की बऱ्याच कंपन्यांत तुमचं ताट ठरून गेलं, मग मेन्यूमधलं स्टार्टर, सूप, चार पर्यायांतून एक, हे सगळं तुमच्यासाठी राहीलच असं नाही. आणि भारतातून निघणाऱ्या फ्लाइटच्या बिझनेस मेन्यूत एखादं तरी चांगलं भारतीय शाकाहारी जेवण असतंच. म्हणून माझा सल्ला असा, नुसते शाकाहारी आहात आणि मुंबई-दिल्लीहून निघताय तर कोड टाकू नका, त्याऐवजी वेबसाइटवर जाऊन मेन्यूमधली डिश आधीच राखून ठेवा. सिंगापूर एअरलाइन्सचं बुक द कुक म्हणून आहे, २४ तास आधी सांगितलं तर मोठ्या यादीतून डिश निवडता येते आणि ते बिझनेससोबत प्रीमियम इकॉनॉमीला पण मिळतं, कतारमधे बिझनेसवाल्यांना बऱ्याच फ्लाइटवर आधी निवडता येतं, एमिरेट्समधे काही मार्गांवर. आधी निवडण्याचा फायदा असा की मागच्या रांगेत बसलेल्या माणसापर्यंत येईस्तोवर व्हेज संपलं हे ऐकावं लागत नाही, आणि हे बिझनेसमधे पण होतं बरं का, प्रत्येक डिश मोजूनच चढवलेली असते. पण जैन, कांदा-लसूण नाही, अंड्याचा अंश पण नको, ॲलर्जी, असं काही असेल तर मात्र कोड टाकाच, तिथं मेन्यूवर विसंबून राहू नका.

परतीचं वेगळं टाका. हे लोक विसरतात. कोड प्रत्येक फ्लाइटला वेगळा लागतो, मुंबई-दुबईला टाकला म्हणून दुबई-सॅन फ्रान्सिस्कोला आपोआप लागतोच असं नाही, आणि येताना जेवण तिकडच्या शहरातल्या किचनमधून चढतं, म्हणजे भारतीय भाजी भारतीय हातची असेलच असं नाही. आखाती शहरांतून चढणारं भारतीय जेवण मला बरंच चांगलं वाटतं, तिथं आपले प्रवासी एवढे असतात की किचनला रोजची सवय असते. युरोप-अमेरिकेतल्या छोट्या शहरातून निघताना मात्र व्हेज म्हणून उकडलेल्या भाज्या आणि पास्ता समोर येण्याची तयारी ठेवा, तिथं एव्हीएमएल टाकलेला बरा. कोडशेअर असेल, म्हणजे तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसऱ्या कंपनीचं, तर ज्याचं विमान त्यांच्या वेबसाइटवर त्यांचा बुकिंग नंबर टाकून बघा, एजंटने टाकलंय म्हणला तरी स्वतः बघा. फ्लाइटची तारीख किंवा वेळ बदलली की कोड उडू शकतो, परत बघा. निघायच्या दोन दिवस आधी एकदा फोन करून विचारा की मील कन्फर्म दाखवतंय का.

लाउंजचा वापर करा, बिझनेसच्या तिकिटात तो बहुतेक वेळा आलेलाच असतो. मुंबईहून लांबच्या बऱ्याच फ्लाइट रात्री दोन ते पाचच्या मधे निघतात, त्या वेळी विमानात जेवण वाढतात पहाटे तीनला, ते खाऊन पोट बिघडतं आणि झोप पण जाते. त्यापेक्षा लाउंजमधे दहा-अकराला गरम दाळ-भात खाऊन घ्यायचा आणि विमानात बसल्या बसल्या सांगायचं की मला आत्ता जेवायचं नाही, झोपायचंय, नंतर उठल्यावर देता का. कतारसारख्या कंपन्यांत बिझनेसमधे हवं तेव्हा जेवण मागता येतं, बाकी ठिकाणी पण विचारलं तर बऱ्याचदा ठेवतात. सीटवर एक कार्ड किंवा स्टिकर असतो, जेवायला उठवा किंवा उठवू नका, किंवा एअर होस्टेस येऊन विचारते, तिथं काय सांगायचं ते घरीच ठरवा. माणसाने दीड लाख झोपेचे भरलेत आणि पहाटे तीनला ट्रॉलीच्या आवाजाने उठून बसायचं, हे मला पटत नाही.

प्रीमियम इकॉनॉमीबद्दल थोडक्यात, सीट रुंद, पाय मोकळे, प्लेट चांगली, पण जेवण बऱ्याच कंपन्यांत इकॉनॉमीच्या जवळचंच. जेवणाची अपेक्षा ठेवून हा क्लास घेऊ नका.

आईवडिलांना एक कागद लिहून द्या, हे मी प्रत्येकाला सांगतो. इंग्रजीत मोठ्या अक्षरात चार ओळी, मी शाकाहारी आहे, अंडं चालत नाही, माझं स्पेशल मील बुक आहे, कोड अमुक, चहाला दूध वेगळं द्या, प्यायला कोमट पाणी द्या. भाषा येत नसली की आपले लोक गप्प बसतात, समोरची ट्रॉली निघून जाते आणि ते मान हलवतात. वरच्या क्लासमधे तर अजून बुजतात, आजूबाजूला सगळे सूटबूटवाले, कसं मागायचं. त्यांना निघायच्या आधी बसवून सांगा की परत भात मागितला तरी चालतो, दही मागितलं तरी चालतं, दोन जेवणांच्या मधे भूक लागली तर बटण दाबून सँडविच, फळं, बिस्किटं, नूडल्स विचारायचे, ते सगळं तिकिटात आलेलं असतं, वेगळे पैसे नाहीत. हे वाक्य नीट सांगा, वेगळे पैसे नाहीत, कारण कित्येकजण पैसे लागतील म्हणून पाण्याची बाटली पण मागत नाहीत. पाणी मात्र सारखं प्यायला सांगा, हवा कोरडी असते.

घरचं पण न्या. धपाटे, दशम्या, कोरड्या पुऱ्या, लाडू, चिवडा हातातल्या बॅगेत चालतं. ओला ठेचा, लोणचं, दही, तूप हे द्रव किंवा पेस्टमधे मोजतात, आंतरराष्ट्रीय फ्लाइटला १०० मिलीच्या वर सिक्युरिटीत काढून घेतात, ते मोठ्या बॅगेत नीट पॅक करून टाका. शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, मेतकूट असं पूड स्वरूपातलं अमेरिकेला जाताना ३५० मिलीच्या वर हातात ठेवलं तर वेगळी तपासणी होते, तेही मोठ्या बॅगेत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या कुठल्याच बॅगेत ठेवू नका, तेल जास्त असल्यामुळं ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात. आणि विमानात दिलेलं सफरचंद, केळी, संत्रं उतरताना पर्समधे घालू नका, बिझनेसमधे फळांची टोपली समोर येते आणि आपल्या बायका सवयीने एखादं ठेवून घेतात, पण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला ताजं फळ न सांगता नेलं तर दंड बसतो, न्यूझीलंडमधे तर तिथल्या तिथं ४०० डॉलर. फॉर्मवर खाण्याच्या वस्तू आहेत का विचारलं की हो लिहायचं, दाखवायचं, सांगून दाखवलं तर फार तर वस्तू काढून घेतात.

पूर्ण भाडं भरून बिझनेस घेणं जमत नसेल तर इकॉनॉमीचं काढून नंतर अपग्रेड बघा, बऱ्याच कंपन्या बोलीची सोय देतात, तुम्ही रक्कम सांगायची, जागा उरली तर निघायच्या एक-दोन दिवस आधी कळवतात, क्रेडिट कार्डचे पॉइंट किंवा माइल्स असतील तर ते पण चालतात. परतीचीच रात्रीची लांब फ्लाइट अपग्रेड करा, दिवसाची नाही, झोपेचा फायदा रात्रीच. पण शेवटच्या दिवशी अपग्रेड झालं की वरच्या केबिनचं जेवण आधीच मोजून गेलेलं असतं, तुमचा कोड खालच्या केबिनच्या नावावर पडून राहतो. म्हणून अपग्रेडचा मेसेज आला की लगेच फोन करून मील नव्या सीटवर टाकायला सांगा, आणि चोवीस तासांच्या आत झालं असेल तर चेक-इन काउंटरवर एकदा आणि विमानात चढल्यावर क्रूला एकदा, दोन्हीकडं सांगायला लावा की माझं व्हेज मील मागच्या केबिनमधे चढलेलं आहे, ते पुढं आणून द्या.